लेसर मागे घे

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि आमच्या प्रयोगाची तारीख एकाच आठवड्यात आली. म्हणून मी राळेगाव तालुक्यातल्या माझ्या गावी होते आणि माझी विद्यार्थिनी युरोपात, एकटी. खरं तर दोघींनी जायचं होतं. पण यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. दिवसातून सहा वेळा आईच्या डोळ्यात दवा टाकायला घरात मीच एक मोकळी. मोकळी म्हणजे काय, लग्न न केलेली बाई सगळ्यांना मोकळीच वाटते.

मी पुण्याजवळच्या एका संस्थेत शिकवते, संशोधन करते. काय करता, असं गावात कुणी विचारलं की मी टरबुजाचं सांगते. बाजारात टरबूज घेताना आपण टिचकी मारतो आणि कान लावतो. आवाजावरून आत काय आहे ते कळतं. आम्ही तेच करतो. टरबुजाच्या जागी सेमीकंडक्टरचा स्फटिक, मोबाइलमधल्या चिपा बनतात त्या जातीचा. टिचकी लेसरची, कान एक्स-रेचा. लेसरचा एक झटका बसला की स्फटिकातले अणू, जे एरवी रांगेत शहाण्यासारखे उभे असतात, ते हलतात. रांग फुगते, आकसते, पुन्हा फुगते. हे सगळं पिकोसेकंदांत. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. लेसर पडल्यावर ठरावीक पिकोसेकंदांनी एक्स-रेचा एक झोत सोडला, की त्या घडीला रांग कशी उभी होती ते उमटतं. असे पुष्कळ झोत वेगवेगळ्या वेळी सोडायचे आणि सगळं जोडून रांगेची हालचाल काढायची. अट एकच, टिचकी आधी आणि कान नंतर. एक्स-रे आधी पोचला तर उमटतात ते शांत उभे असलेले अणू. पडद्यावर नुसती सरळ रेघ.

असा एक्स-रे सोडणारी यंत्रं जगात मोजकी आहेत. अर्ज करायचा, वर्षभर वाट पाहायची, नशिबात असलं तर चार-पाच पाळ्या मिळतात. आम्हाला चार मिळाल्या होत्या. स्फटिक तीन नेले होते, गॅलियम आर्सेनाइडचे, केसाहून कितीतरी पातळ. एक बसवतानाच तडकला. दुसरा लेसरने जळला. राहिला तिसरा. ते बनवून देणारे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि त्यांचं यंत्र भंगारात गेलं होतं, त्यामुळे चौथा होणार नव्हता. आणि या पोरीचं डॉक्टरेटचं सहावं वर्ष. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. शेवटचं प्रकरण सगळं या स्फटिकावर टांगलेलं. तो जळला तर सहा वर्षं पाण्यात. शेवटच्या पाळीच्या सकाळी तिच्या हातात एक स्फटिक होता आणि सात तास होते.

आता एक शब्दाची भानगड सांगते. लेसर आधी पोचवायचा की नंतर, हे एक आरसा पुढेमागे सरकवून ठरवतात. लेसरची वाट लांबली की तो उशिरा पोचतो, आखूड झाली की लवकर. पडद्यावर दिसतात फक्त आरसा सरकवणाऱ्या मोटारीचे मिलिमीटर, प्लसमध्ये नाहीतर मायनसमध्ये. आणि प्रत्येक प्रयोगशाळेचं प्लस-मायनस वेगळं. आमच्याकडे जे प्लस ते तिकडे मायनस. पोरगी त्यात दोनदा गोंधळली होती आणि दोन्ही वेळा मी तिला फाडून खाल्लं होतं. शेवटी मीच म्हटलं, मरू दे ते प्लस-मायनस, आपण दोघी मराठी, मराठीतच बोलू. लेसर मागे घे, लेसर पुढे घे. आपल्याच भाषेत कशाला चूक होते? या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला की चहाच्या वेळी मी ती चारचौघांना सांगितली.

तिकडचे सकाळचे सात म्हणजे आपले साडेदहा. मी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसले, मोबाइलचं नेट त्याला जोडलं. अंगणात सोयाबीन पसरलेलं. आई काळा चष्मा लावून खाटेवर, कोंबड्या हाकलायला हातात काठी. तिला दिसत नव्हतं, तरी काठी बरोबर कोंबडीवरच पडत होती.

"मॅडम, रेघ सरळ येतेय," तिकडून पोरगी म्हणाली.

मला नवल वाटलं नाही. आदल्या दिवशी लेसरची दुरुस्ती झाली होती, त्यात वेळ इकडची तिकडे सरकली असणार. सरळ रेघ म्हणजे एक्स-रे आधी पोचतोय. मग लेसर अजून आधी आणायला हवा.

"लेसर मागे घे," मी म्हटलं. "पन्नास पिकोसेकंद."

"घेतला मॅडम."

एका मोजणीला तास-सव्वा तास लागायचा. स्फटिक इतका पातळ की खूण अगदी फिकी येई, हजारो झोत साठवावे तेव्हा कुठे रेघ एक ठिपका पुढे सरकणार. तास-सव्वा तास आम्ही दोघी जणी सात हजार किलोमीटरवरून एकाच रेघेकडे टक लावून बसलो. सरळच्या सरळ.

"अजून मागे घे. पन्नास."

पुन्हा सरळ. पुन्हा मागे, या वेळी शंभर. मध्ये आईच्या डोळ्यात दवा टाकायला उठले.

"तुयं काय चालू हाय?" आई म्हणाली.

"काही नाही, तू वर पाह्य."

"मी वरच पाहून राह्यली. तूच खाली पाहून राह्यली."

एक थेंब गालावर गेला. दुसरा टाकला. परत येऊन बसले तर रेघ तशीच, दोरी ताणल्यासारखी.

दोन्हीकडे का नाही शोधलं, असं आता शहाणे लोक विचारतात. मीही नंतर स्वतःला विचारलं. उत्तर सोपं आहे. मला खात्री होती. बरोबर बाजूला चाललोय, फक्त पुरेसे गेलो नाही, एवढंच माझ्या डोक्यात. वीस वर्षं हे काम करते, मला कोण शिकवणार?

साडेतीन वाजून गेले. चौथ्यांदा मागे घेतला, तरी सरळ. आता मात्र माझं डोकं सणकलं.

"तू नक्की मागेच घेतेयस ना?"

"हो मॅडम. मागेच घेतेय."

"मग दिसत कसं नाही? नीट बघ जरा! डोळे फुटले का?"

आई खाटेवरून म्हणाली, "डोये माये बिघडले हायेत. तिले काहून बोलून राह्यली?"

पोरीच्या मागे माणसांचे आवाज येत होते. तिथला लेसरचा तंत्रज्ञ, भला माणूस, सकाळपासून आमची सरळ रेघ पाहून कंटाळला होता. तो इंग्रजीत म्हणाला की लेसर कमी पडतोय, पॉवर दुप्पट करून बघू. ऐकू येत नाही तर टिचकी जोरात मारा, असा त्याचा सरळ हिशेब. या धंद्यात दहातल्या नऊ वेळा तो बरोबर असतो. पण आमचा दुसरा स्फटिक नेमका असाच गेला होता. दुप्पट पॉवरला तिसराही पाच मिनिटं टिकला नसता.

"मॅडम, ते विचारताहेत, पॉवर वाढवू का? वेळ कमी राहिलाय म्हणतात."

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पॉवर वाढवू नको!" आणि त्याच घडीला घरातला पंखा थांबला. लाईन गेली. नुसती आमची नाही, टॉवरचीही. मोबाइलवरच्या काड्या एकेक करून विझल्या. पडद्यावर पोरीचा चेहरा अर्धा होऊन थिजला. माझं 'नको' तिकडे पोचलं की ओसरीवरच राहिलं, कळायला मार्ग नव्हता.

पावणेचार वाजले होते. पाळी साडेपाचला संपणार.

मी धावत बुद्धविहाराच्या गच्चीवर गेले. तिथे एरवी दोन काड्या तरी येतात. एकही नाही. फोन डोक्यावर धरून गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरले, खाली बाया भाजी निवडत बसल्या होत्या त्या हसायला लागल्या. मला रडू येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो स्फटिक जळत होता, मधोमध काळा ठिपका पडून. आणि त्याच्याशेजारी ती पोरगी उभी. मी तिला एकटीला पाठवलं, आणि वर ओसरीवर बसून हुकूम सोडले.

घरी परत आले, तर अंगणात शेजारची काकू येऊन आईशी वाद घालत होती. काकूच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारचं ठरलं होतं. बाभुळगावहून मुलाकडच्यांचा सकाळी निरोप आला होता की कार्यक्रम चार दिवस मागं घेतला.

"मंग येत्या बुधवारीच आला म्हन," आई म्हणाली. "मागं म्हंजे अलीकडे. तयारीले लाग."

"नाही वं बाई," काकू म्हणाली. "रविवारचं मागं गेलं. म्हंजे त्याच्या मंगचा गुरुवार."

"मागच्या साली म्हंते ते कोनतं साल? झालेलं का येनारं?" आईने विचारलं.

"अन् 'तू हो पुढं, मी मागून येतो' म्हंते तो आधी येते का मंग येते?" काकूने उलटून विचारलं.

मी पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिले.

लेसर मागे घे. मी मागच्या सालातली. मागे म्हणजे आधी, झालेला वेळ, सरलेला. आणि पोरगी मागून येणारी. मागे म्हणजे रांगेत मागे, एक्स-रेच्या पाठीमागून, उशिरा. मी 'मागे' म्हटलं की तिने दर वेळी लेसर अजून उशिरा पोचवला. पन्नास, पन्नास, शंभर, शंभर. तीनशे पिकोसेकंद आम्ही उलट्या दिशेला चालत गेलो होतो. टिचकी मारायच्या आधीच ऐकत बसलो होतो, पाच तास. तिने चूक केली नव्हती. मी म्हटलं तेच तिने केलं होतं, तिच्या मराठीत.

"अवं, तुले काय झालं?" काकू म्हणाली. "अशी काहून पाहून राह्यली?"

"काकू, गाडीची चाबी दे."

"कोनती गाडी?"

"स्कूटी! दे लवकर!"

फाटा आमच्या गावापासून सहा किलोमीटर. तिथे माझ्या सिमच्या कंपनीचा दुसरा टॉवर आहे, त्याला जनरेटर आहे, हे मला माहीत होतं. रस्ता उखडलेला. अर्ध्यात आले तर समोर ट्रॅक्टर, मागे हडंबा जुंपलेला, सोयाबीन काढायचं ते अवजड मशीन. अख्खा रस्ता अडवून बैलगाडीच्या चालीने चाललेलं. मी हॉर्न वाजवला, ट्रॅक्टरवाल्याने गाणं लावलेलं. मी ओरडले, त्याला ऐकू गेलं नाही. बाजूला घ्यावं तर दोन्हीकडे नाली. दीड किलोमीटर त्या हडंब्याचा भुसा खात गेले. तोंडाने शिव्या चालू होत्या, ज्या इथे लिहिता येत नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतःला देत होते. शेवटी एका वावराच्या वाटेवर तो वळला, तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजायला आले होते.

फाट्यावर पोचले. चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, एसटीचा थांबा. फोनवर तीन काड्या. बोटं इतकी घामेजली होती की फोन उघडेना, ओढणीला पुसली आणि लावला. एकदा वाजून थांबला. पुन्हा लावला.

"मॅडम!"

"पॉवर वाढवली?"

"नाही."

मी टपरीच्या बाकावर बसले.

"माझं 'नको' ऐकू आलं होतं तुला?"

"नाही मॅडम. 'पॉवर वाढवू' एवढंच आलं आणि तुम्ही गेलात. 'पॉवर' ऐकून हे म्हणायला लागले की परवानगी मिळाली. पण मी म्हटलं, वाढवायची असती तर मॅडम 'वाढव' म्हणाल्या असत्या. 'वाढवू'च्या पुढे त्यांचं 'नको'च असतं. तीन वेळा विचारलं त्यांनी. मी तीन वेळा नाही म्हटलं. सगळे चिडलेत माझ्यावर."

शाबास म्हणायला हवं होतं. मला तेवढी सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढी सवयही नव्हती.

"ऐक नीट. मागे-पुढे विसर. लेसर एक्स-रेच्या आधी पोचायला हवा. आधी. लवकर. वाट आखूड कर. सकाळी होतो त्या जागेवर जा, आणि तिथून उलट्या बाजूला पन्नास."

तिकडे कळफलकाचा आवाज आला. मग ती इंग्रजीत कुणाला तरी काहीतरी म्हणाली आणि मागे खुर्ची सरकली.

"चाललाय आरसा," ती म्हणाली. "दोन मिनिटं लागतील."

पाच वाजून सात मिनिटं. टपरीवाल्याने न विचारता चहा ठेवला. मी तो घेतला नाही. कळंबची एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. सव्वापाच वाजले. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. पोरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"दिसतंय का काही?"

"थांबा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला थांबा म्हटलं. मी थांबले.

"मॅडम," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "वाकतेय. रेघ वाकतेय मॅडम. फुगली. आता खाली यायला लागली."

"मोज! थांबू नको, घेत राहा!"

"घेतेय. खाली आली. पुन्हा वर चाललीय."

मी बाकावरून उठून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते मी पुसत नव्हते. ज्यांना कधी कुणी पाहत नाही असे ते अणू तिकडे पोरीच्या डोळ्यांसमोर श्वास घेतल्यासारखे हलत होते आणि मी इकडे फाट्यावर भुशाने माखून उभी होते. मला दिसत काहीच नव्हतं. ती सांगत होती तेवढंच.

साडेपाचला तिकडे घंटी झाली आणि झोत बंद पडला. दीड लाट हाती लागली होती. पाच तास आधी सापडली असती तर वीस लाटा मिळाल्या असत्या, वेगवेगळ्या पॉवरला, नीट, पाहिजे तशा. दीड लाटेवर प्रबंधाचं प्रकरण उभं राहतं का, ते परीक्षक ठरवतील. उभं राहावं एवढं मात्र त्यात होतं, आणि स्फटिक शाबूत होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. साक्षगंधाचा वाद, मागच्या सालातलं मागे आणि मागून येणारं मागे. म्हटलं, फोन त्या माणसांजवळ धर, मला त्यांच्याशी बोलायचंय. तिने धरला. मी इंग्रजीत सांगितलं की आजचा दिवस माझ्या चुकीने गेला, शब्द माझा होता, हिने मी सांगितलं तेच केलं, आणि हिने तुम्हाला अडवलं नसतं तर आज आमच्याकडे काहीच उरलं नसतं. तंत्रज्ञ हसला, असं होतं म्हणाला. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी नीट केलं.

फोन परत पोरीकडे आला.

"मॅडम, एक सांगू का?"

"सांग ना."

"मला सकाळी पहिल्या वेळेलाच वाटलं होतं. तुम्ही 'मागे' म्हणालात तेव्हा. रेघ सरळ आहे, म्हणजे लेसर लवकर आणायला हवा, आणि मी तर उशिरा करतेय. मी कागदावर काढूनही बघितलं. दुसऱ्या वेळी तर खात्रीच झाली होती."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. साडेदहा वाजता. पाच तास, चार मोजण्या, एवढी धावपळ, आणि हिला साडेदहा वाजताच माहीत होतं.

"अवं, मंग विचारलं काहून नाही मले?" मी म्हटलं. "एका शब्दानं विचारता नाही आलं तुले?"

पंक्चरवाल्याने टबात बुडवलेली ट्यूब तशीच धरून माझ्याकडे वळून पाहिलं, टपरीवरची दोन माणसंही पाहायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेसुद्धा मी ओरडूनच विचारलं होतं.